कारण : कमी वजन

सोमवार, ३ मार्च

वही आणून आठवडा झाला, उघडली आज. लिहायची हौस मला कधीच नव्हती. शाळेत निबंध दहा ओळींत गुंडाळायचे आणि मार खायचे. पण यांचे कान छापखान्यातल्या यंत्रांनी खाल्ले, त्याला आता सहा वर्षं झाली. नवऱ्याला मनातलं सांगायचं तर ओरडून सांगायचं, आणि ओरडलं की जिन्यातल्या चारही बिऱ्हाडांना कळतं. मागे एकदा मी "मोठे डॉक्टर गाढव आहेत" एवढंच म्हणाले, तर दुसऱ्या दिवशी खालच्या बाईंनी नळावर गाठून विचारलं, "कोणते हो?" तेव्हापासून मनात होतं, एक वही करावी.

आज निमित्तही झालं. वॉर्डात एक नवीन डॉक्टरबाई आल्या. आमच्या वॉर्डात बाळं का दगावतात ते शोधायला त्यांना पाठवलंय म्हणे. तिशीच्या असतील. पायात कापडी बूट, केस पोरासारखे कापलेले. मोठ्या डॉक्टरांनी माझी ओळख करून दिली, "या आमच्या इन्चार्ज सिस्टर. एकतीस वर्षं झाली. हा वॉर्ड यांच्या जिवावर चालतो."

त्यांनी गेल्या सहा महिन्यांत गेलेल्या बाळांचे केसपेपर मागितले. तेवीस निघाले. मीच काढून दिले, तारखेप्रमाणे लावून. त्या उभ्या उभ्या चाळत होत्या. मृत्यूचं कारण या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'कमी वजन', काही ठिकाणी 'हृदयक्रिया बंद'.

"सिस्टर, हृदय तर प्रत्येकाचंच बंद पडतं. ते का पडलं, हे कुठं लिहिलंय?"

मी म्हटलं, "डॉक्टर, आमच्याकडे दीड-दीड किलोची बाळं येतात. आणखी काय कारण लागतं?"

 त्या कागद काखेत मारून गेल्या. माझ्या मात्र दिवसभर डोक्यात राहिलं ते.

मंगळवार, ४ मार्च

पोरींनी त्यांचं नाव 'प्रश्नबाई' ठेवलं. चिमणीने ठेवलं. चिमणी म्हणजे माझ्या हाताखालची सर्वांत धाकटी नर्स, कंत्राटावर आहे. तोंड मिनिटभर बंद राहत नाही म्हणून मी तिला चिमणी म्हणते. काम चोख आहे, पण बोलून बोलून डोकं उठवते.

प्रश्नबाई हात कोपरापर्यंत धुतात, घड्याळ लावून. तेवढं मला आवडलं.

गुरुवार, ६ मार्च

प्रश्नबाई दिवसभर माझ्या मागे मागे. नळ उघडून बघ, साबणाखाली बघ, दुधाच्या वाट्या कुठे उकळता, बाळांना उबेत ठेवायच्या काचेच्या पेट्या कशाने पुसता. मी म्हटलं, बघा बाई, माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही. अकरा पेट्या, अकराही काचा आरशासारख्या. खिडकीजवळच्या पेटीतलं बाळ बघून त्या हसल्या, पहिल्यांदाच. मुलगी आहे, सव्वातेराशे ग्रॅमची आली, आता चौदाशेच्या वर. तिची आई दर तीन तासांनी वाटीत दूध काढून आणते, झाकण धरून, पाऊल मोजून टाकत. सांडेल म्हणून श्वाससुद्धा घेत नसावी. बाविशीची असेल.

वॉर्ड चालवायचा म्हणजे काय असतं ते या पोरींना सांगून कळायचं नाही. दोन वर्षांपूर्वी इंजेक्शनच्या पाण्याच्या छोट्या कुप्या चार महिने आल्याच नाहीत. पावडरीचं औषध पातळ करायचं कशात? दुसऱ्या वॉर्डांनी हात वर केले. मी निर्जंतुक पाण्याची मोठी बाटली लावली. तिच्या रबरी बुचात एक सुई कायमची खोचून ठेवायची, ज्याला लागेल त्याने सिरिंज लावून ओढून घ्यायचं. चार महिन्यांत माझ्या एकाही बाळाचं औषध चुकलं नाही. मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती. आता कुप्या येतात, पण मी त्या कपाटात कुलपात ठेवते. पुन्हा तशी वेळ आली तर? सवयही मोडवत नाही.

आज चिमणी म्हणाली, "सिस्टर, बाटली उघडून तिसरा दिवस झाला. बदलू का?"

मी म्हटलं, "अर्धी भरलेली आहे ना? मग? तुझ्या घरी अर्धा हंडा ओतून देतात का?"

बाकीच्या हसल्या. ती गप्प बसली. चिमणी गप्प बसली हीच आजची बातमी.

रविवार, ९ मार्च

सुट्टी. हे सकाळपासून रेडिओ दुरुस्त करत बसलेत. ऐकू येत नाही त्या माणसाने रेडिओ दुरुस्त करायचा. मी विचारलं तर म्हणतात, "मला नाही, तुला ऐकू येईल ना!"

रोज संध्याकाळी मी घरी आले की हे दारातच भुवया उचलतात. आज किती, असं विचारणं असतं ते. ज्या दिवशी कोणी गेलेलं नसतं त्या दिवशी मी मूठ दाखवते. नाहीतर एक बोट. एकदा दोन दाखवली होती. मग हे माझी चप्पल उचलून कोपऱ्यात ठेवतात.

या आठवड्यात रोज मूठ.

मंगळवार, ११ मार्च

खिडकीजवळच्या बाळाचं काहीतरी बिनसलंय. काल वजन चौदाशे साठ भरलं होतं. दूध छान पचत होतं. आज सकाळी हात लावला तर गार. पोट फुगलेलं. मध्येच श्वास घ्यायचं विसरते. टाच चोळली की दचकून घेते. प्रश्नबाईंनी रक्त काढलं, तपासणीला पाठवलं, औषध वाढवलं. औषध मी स्वतः बनवलं, दुसऱ्या कुणाच्या हातावर सोडलं नाही. बाटलीतून पाणी ओढलं, औषधाच्या कुपीत घातलं, पावडर पूर्ण विरघळेपर्यंत हलवली, तीनदा मोजून दिलं.

आई पेटीच्या गोल भोकातून हात घालून उभी होती. दुधाची वाटी टेबलावर तशीच.

बुधवार, १२ मार्च

सकाळी अकरा दहाला गेली.

आई म्हणाली, "परवा तर माझं बोट धरलं होतं हिने." मग मला विचारलं, "सिस्टर, कशानं गेली?"

मी म्हटलं, "बाळ अशक्त होतं गं. अशा बाळांचं असंच असतं." हे वाक्य माझ्या तोंडात वर्षानुवर्षं तयार असतं. पाठीवर हात ठेवून म्हणायचं. बाया मान हलवतात. हिनेही हलवली.

मोठ्या डॉक्टरांनी 'कमी वजन' लिहिलं. प्रश्नबाई म्हणाल्या, "सर, रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत थांबू या." ते म्हणाले, "तोवर बॉडी अडवून ठेवू का?"

तेही खरंच.

घरी आल्यावर एक बोट.

शुक्रवार, १४ मार्च

प्रश्नबाईंनी मला त्यांच्या टेबलापाशी बोलावलं. एका मोठ्या कागदावर चोवीस आडव्या रेघा काढल्या होत्या. प्रत्येक बाळाची एक रेघ. आलं तिथून गेलं तिथपर्यंत.

"या दहा आखूड रेघा बघा. ही पहिल्या दोन दिवसांत गेली. फार लहान, किंवा जन्मतानाच गुदमरलेली. यातली काही कोणीच वाचवू शकलं नसतं. आणि या चौदा बघा. ही सावरत होती. वजन वाढत होतं, दूध पीत होती. आणि मग एका दिवसात सगळं उलटं. सगळ्यांचं एकाच पद्धतीनं. परवाच्या बाळाच्या रक्तात जंतू सापडलेत, सिस्टर. ती जन्मली तेव्हा ते तिच्यात नव्हते. तिला ते इथं मिळाले."

"इथं म्हणजे? माझ्या वॉर्डात?"

"हो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, आया हात न धुता येतात, नातेवाईक दारात गर्दी करतात, नळाला पाणी येतं ते कसलं येतं बघितलंत का? त्या सगळं लिहून घेत होत्या. मी बोलत होते म्हणून, की त्यांना पटत होतं म्हणून, ते कळलं नाही.

दुपारी झाडलोट करणाऱ्या मावशींना बाजूला करून मी स्वतः गुडघ्यावर बसून सगळी फरशी घासली. कोपरेसुद्धा. नळाच्या तोट्या ब्रशने घासल्या. चिमणी म्हणाली, "सिस्टर, कंबर धरेल." धरली.

सोमवार, १७ मार्च

प्रश्नबाई काचेच्या नळ्या आणि कापसाच्या काड्या घेऊन आल्या. नळ, साबण, आमचे सगळ्यांचे हात, पेट्यांच्या गाद्या, दुधाच्या वाट्या, सगळ्यांवर काड्या फिरवल्या. शेवटी म्हणाल्या, "इंजेक्शन कशात पातळ करता?"

मी बाटली दाखवली. कुप्या नव्हत्या तेव्हा ही युक्ती कशी काढली तेही सांगितलं. त्यांनी बाटलीकडे बघितलं, बुचात खोचलेल्या सुईकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"ही कधी उघडलीय?"

"गुरुवारी असेल. सुई आधीच्या बाटलीचीच."

त्यांनी ती बाटली दोन्ही हातांत धरून नेली, भरलेलं ताट न्यावं तशी. जाताना म्हणाल्या, आजपासून फक्त कुप्या. एका बाळाला एक, उरलेलं पाणी फेकायचं.

चांगली अर्धी बाटली गेली. चिमणीला मी म्हटलं, "यांना हौस आहे, करू देत."

चिमणी हसली नाही.

गुरुवार, २० मार्च

नळात नाही. साबणात नाही. कुणाच्या हातावर नाही. बाटलीत आहे. बाळाच्या रक्तात होता तोच जंतू.

मला प्रश्नबाईंनी चादरींच्या खोलीत नेऊन सांगितलं, दार लोटून. "सिस्टर, बसा." मी बसले नाही. त्या हळू आवाजात सांगत होत्या. बुचात सुई कायम राहिली की ते दार कायम उघडं. वॉर्ड उबदार. एकदा जंतू पाण्यात शिरला की दिवसागणिक वाढतो, पाणी दिसायला स्वच्छच दिसतं. मोठ्या माणसाने पचवला असता. ही बाळं... आणि मग प्रत्येक औषधाबरोबर थेट रक्तात.

"पण ती बाळं औषधानं बरी व्हावीत म्हणून..." मी म्हटलं.

मंगळवारी, अकरा तारखेला, मी स्वतः पाणी ओढलं होतं. तीनदा मोजून.

त्या गेल्यावर मी औषधांचं कपाट उघडलं. कुप्यांची खोकी वरपासून खालपर्यंत. मागच्या रांगेतल्या खोक्यांवरची तारीख उलटून गेलेली. पुढच्या रांगेतली चांगली होती. हात लांब केला असता तर मिळाली असती अशी.

यांना मूठ दाखवली. आज कोणी गेलं नव्हतं.

शुक्रवार, २१ मार्च

मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. टेबलावर अहवाल टाइप करून तयार. त्यात लिहिलंय की कंत्राटी नर्सच्या निष्काळजीपणामुळे द्रावण दूषित झालं. औषधाच्या तक्त्यांवर सह्या तिच्याच जास्त आहेत, कारण इंजेक्शनं बनवायचं काम मी तिला दिलं होतं.

"सात महिन्यांवर तुमची निवृत्ती आलीय," ते म्हणाले. "एकतीस वर्षं घालवून कशाला बसता? तिचं काय, दुसरीकडे लागेल."

"तिने मला विचारलं होतं," असं म्हणायला मी तोंड उघडलं. म्हणाले ते असं, "बरं सर."

इथे खोटं लिहून उपयोग नाही. बाहेर आले तेव्हा मला हलकं वाटलं होतं. पायऱ्या उतरताना वाटलं, चला, निभावलं. मग चिमणी समोरून आली. "सिस्टर, तोंड का उतरलंय तुमचं? कंबर दुखतेय ना अजून?" असं म्हणून खुर्ची ओढून दिली. तिला अजून काही माहीत नाही. मी बसले त्या खुर्चीवर.

रविवार, २३ मार्च

तीन रात्री झोप नाही. आज यांनी रेडिओचा स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि म्हणाले, "काय ते सांग."

मी खिडक्या लावल्या, दार लावलं, यांच्या कानाशी तोंड नेलं. तरी ओरडावंच लागलं. 'बाटली' हा शब्द तीनदा ओरडले. 'माझ्यामुळे' हा एकदाच, तो यांनी ओठांवरून वाचला.

"किती?" यांनी विचारलं.

मी दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली. मग चार.

हे माझ्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्या बाईनं सहा महिन्यांचे कागद बघितले. बाटली तर तू दोन वर्षांपूर्वी लावलीस."

तोपर्यंत हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. खरंच आलं नव्हतं. की येऊ दिलं नव्हतं, देव जाणे.

"आणि ती पोरगी," हे म्हणाले, "तिनं तुला विचारलं होतं ना? तूच हसत सांगितलं होतंस मला, अर्ध्या हंड्याचं."

"हळू बोला हो."

"मला हळू येत नाही," हे म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आवाज मात्र तसाच, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असा.

सोमवार, २४ मार्च

लिहून दिलं. सरळ शब्दांत एक पान. बाटलीची पद्धत मी सुरू केली. कुप्या उपलब्ध असताना मी त्या कुलपात ठेवल्या. संबंधित नर्सने बाटली बदलण्याविषयी विचारलं असता मी नकार दिला. सही, तारीख.

मोठे डॉक्टर वाचून म्हणाले, "हे परत घ्या. भावनेच्या भरात लिहिलंय तुम्ही."

"एक प्रत डॉक्टरबाईंना दिली आहे, सर."

तेव्हा ते पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. "तुमची पाठ मीच थोपटली होती, विसरलात? मग मीही यात आलो की!"

"हो सर," मी म्हटलं.

दुपारी निलंबनाचा कागद हातात आला. कपाटाची किल्ली चिमणीच्या हातात देताना वाटलं होतं, ती गळ्यात पडेल, रडेल. ती मागे सरकली. एवढी बोलकी पोर, शब्द जुळवत उभी होती.

"सिस्टर, मला माहीत होतं हे चूक आहे. शिकताना शिकवतात आम्हाला. तुम्ही सगळ्यांसमोर चेष्टा केलीत म्हणून मी पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्याच आठवड्यात ती खिडकीजवळची गेली. आता मी काय करू याचं?"

 तयार वाक्यं सगळी दुसऱ्यांसाठी असतात.

बुधवार, २ एप्रिल

घरी बसणं जमत नाही. भांडी पुन्हा पुन्हा घासते.

प्रश्नबाईंचा फोन आला. बाटली बंद झाल्यापासून सोळा दिवस झाले, सावरणारं एकही बाळ गेलेलं नाही. एक गेलं, नऊशे ग्रॅमचं, पहिल्याच दिवशी; त्याचं खरं कारण त्यांनी पूर्ण लिहिलं, चार ओळी.

मी विचारलं, "त्या चौदा आयांना कळवलं का?"

"अहवालात 'संसर्ग' एवढंच ठेवलंय. घरी पत्रं पाठवायची नाहीत असं ठरलंय. मी लेखी विरोध केलाय." मग म्हणाल्या, "माझ्याकडे तेवढाच अधिकार आहे, सिस्टर."

रविवार, ६ एप्रिल

आज गेले होते. खिडकीजवळच्या बाळाच्या आईकडे. केसपेपरवरचा पत्ता मला पाठ होता. एकतीस वर्षांत पत्ते पाठ होतातच. हे सोबत येतो म्हणाले. मी नको म्हटलं.

दार तिनेच उघडलं. मला ओळखायला वेळ लागला, साध्या साडीत कधी पाहिलेलं नव्हतं. आत बोलावलं. पुढच्या खोलीत एक लोखंडी पलंग, भिंतीशी औषधाच्या बाटल्यांची रांग, बहुतेक ताकद येण्याच्या.

"तुला बरं नाही का?" मी विचारलं.

"माझ्यासाठीच आहेत," ती म्हणाली. "माझ्या अंगात जोर नाही म्हणून बाळ अशक्त झालं. तुम्हीच म्हणालात ना तेव्हा, अशक्त होतं. सगळ्यांना तेच सांगितलं मी. आता घरात कुणी मला बादलीसुद्धा उचलू देत नाही. आणि दुसऱ्या मुलाचा विषय निघाला की सगळे गप्प होतात. हे सुद्धा."

एवढ्याशा वाक्याचं इतकं काही झालं असेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. किती जणींना म्हटलं असेल मी ते.

मी सांगितलं. बाटली, सुई, कुलपातल्या कुप्या, अकरा तारखेचं औषध माझ्या हातचं. जंतू बाळाच्या रक्तात आमच्याकडून गेला. "तुझं बाळ अशक्त नव्हतं," मी म्हटलं. "वजन वाढत होतं तिचं. तुझ्या दुधावर वाढत होतं. ती जगली असती."

ती ऐकत होती.  मग उठून आतल्या दारापाशी गेली आणि हाक मारली, "आई, बाहेर या." सासू आली, पदराला हात पुसत. मागोमाग नवराही आला.

"आता परत सांगा," ती मला म्हणाली. "यांच्यासमोर. सगळं. पहिल्यापासून."

मी परत सांगितलं. पहिल्यापेक्षा अवघड गेलं. सासू मध्येच मटकन पलंगावर बसली. नवरा शिव्या देत माझ्या अंगावर धावून आला, तर तिनेच त्याला दंडाला धरून थांबवलं. "पूर्ण होऊ द्या त्यांचं," म्हणाली. शेवटचं वाक्य मी पुन्हा म्हटलं, "हिच्यात काही कमी नव्हतं." सासू सुनेकडे बघत राहिली. सून बघत नव्हती तिच्याकडे.

 माझं बोलून संपलं होतं, तरी मी बसूनच होते. 

मग तिने विचारलं, "माझ्यासारख्या अजून आहेत?"

"तेरा. मला माहीत आहेत तेवढ्या."

"त्यांना सांगितलंत?"

"नाही. तू पहिली."

"मग अजून इथं काय बसलात?" ती म्हणाली आणि दार उघडून उभी राहिली.

मी उठले. पुढचं घर तिथून चार गल्ल्यांवर होतं.